जायफळ न घालता

बडोद्यातल्या मराठी घरांत कॉफी कधी रोजची नव्हती. रोज चहा. कॉफी उपासाला, कॉफी हळदीकुंकवाला, कॉफी व्याही-विहीण आले की. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कॉफी करायची म्हणजे दूध आटायला ठेवायचं, त्यात डब्यातली पूड, साखर सढळ हाताने, आणि उतरवताना वरून जायफळ किसायचं. तो वास जिन्याने खाली उतरला की खालच्या बिऱ्हाडाला कळायचं, वर खाशी मंडळी आलीत. त्या कपात कॉफी नेमकी किती, हे कोणी विचारत नसे. डब्यावर लिहिलेलं असे, पण डब्यावरचं वाचतं कोण?

आज वाचाल तर दिसेल: कॉफी-चिकोरी मिश्रण. आपल्या अन्नकायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी. उरलेल्या ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, फक्त पाकिटावर तसं छापायला लागतं. आणि ही चिकोरी बरीचशी आमच्या शेजारचीच. बडोद्याहून आणंदकडे निघालं की चरोतरच्या गोराडू, म्हणजे रेताड-भुसभुशीत जमिनीत हिवाळ्यात तंबाखूच्या जोडीला चिकोरीची शेतं लागतात. वरचा पाला काही बघण्यासारखा नसतो, माल सगळा जमिनीखाली. मुळं खणून काढायची, चिरून उन्हात वाळवायची आणि भाजायची. मुळात इन्युलिन नावाचं कर्बोदक भरपूर असतं, ते भट्टीत करपत-करपत गोडसर कडू होतं आणि पाण्याला दाट काळा रंग देतं. कॅफीन मात्र औषधालाही नाही. नेपोलियनने १८०६ साली इंग्रजांचा व्यापार तोडला, युरोपात कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा या मुळाचे दिवस पालटले. आपल्याकडे ते आलं ‘फ्रेंच कॉफी’ म्हणून. ती विकणाऱ्यांत मोठं नाव पोल्सनचं. आणंदची डेअरी आणि ते खारं लोणी नंतरचं. पेस्तनजी दलालांनी मुंबईत धंद्याला सुरुवात केली ती कॉफी भाजून, दळून विकण्यापासून. ज्या पोल्सनच्या मक्तेदारीला वैतागून १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा संघ काढला, तो मुळात कॉफीवाला, हे आमच्याकडे आणंदच्या माणसालाही सांगितलं तर पटत नाही.

चिकोरीला नाकं मुरडणारे हल्ली पुष्कळ झालेत. मी त्यांतली नाही. आटीव दूध, साखर आणि जायफळ या तिघांपुढे टिकून राहायला चिकोरीसारखंच दांडगं काहीतरी लागतं. त्या पातेल्यात उंच डोंगरावरची नाजूक अरेबिका ओतली तर ती पहिल्या उकळीतच बुडेल. ती कॉफी वेगळी आणि तिच्याशी वागायची रीत वेगळी. आपल्या स्वयंपाकघराला ही रीत मानवायला वेळ लागतो, कारण चव आणायची म्हणजे काहीतरी घालायचं, हेच आपल्या हाताला ठाऊक. या कॉफीत घालायचं काहीच नसतं. तिच्यात जे काही आहे ते डोंगरावरच भरून आलेलं असतं, आणि खाली आपल्यापर्यंत येईस्तोवर ते सांडण्याच्या जागाच तेवढ्या असतात.

धाकट्या बहिणीच्या यजमानांची बँकेतून चिकमगळूरला बदली झाली आणि मला हे डोळ्यांनी बघायला मिळालं. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर. डोंगर बघायचा तर आम्ही पावागढला जाणार, आणि तो आठशेच्या आसपास, म्हणजे अरेबिकाच्या हिशेबाने बुटकाच. तिला आपल्याकडे साधारण हजार ते दीड हजार मीटर लागतात. चिकमगळूरच्या माथ्यावर मुल्लयनगिरी १,९३० मीटर, आणि लगतची रांग बाबाबुडनगिरीची. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुडनांनी येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि इथे रुजवल्या, अशी कथा. त्याच डोंगरावर दत्ताचंही स्थान मानतात. दत्तजयंतीच्या सुमाराला तिकडे अरेबिकाची तोडणी ऐन रंगात आलेली असते. बहीण दर्शनाला म्हणून बोलावते, आणि मी मळ्यात रमते, हे दोघींनाही माहीत असतं.

मी ज्या मळ्यात जाते तो तेराशे मीटरच्या आसपास आहे. मळा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात तशा उघड्या रांगा तिथे नाहीत, ते अर्धं रानच आहे. खाली पांगारा, वर सिल्व्हर ओक, फणस, मधूनच एखादी जुनी शिसवी, खोडांवर मिरीचे वेल चढलेले, आणि या सगळ्याच्या सावलीत डोक्याएवढी कॉफीची झुडपं. सावली शोभेची नाही. अरेबिकाच्या खोडात शिरणारा एक भुंगेरा असतो. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी आत बोगदे पाडत जाते, आणि झाड उभ्या उभ्या पिवळं पडतं. मग ते उपटून जाळण्यावाचून इलाज नाही. या भुंगेऱ्याला उन्हातलं खोड आवडतं. म्हणून वरच्या फांद्या किती छाटायच्या, किती ठेवायच्या, यावर मळ्याचे मालक आणि त्यांचा मेस्त्री, म्हणजे मळ्यावरचा मुकादम, यांचा दरवर्षी वाद होतो. कन्नडमधला तो वाद मला कळत नाही, पण दोघंही मान वर करून फांद्यांकडे बोट दाखवत असतात, त्यावरून विषय लक्षात येतो.

तिथली माझी आवडती झुडपं ‘सिलेक्शन ९’ची. नाव एखाद्या सरकारी फाइलीसारखं, आणि आहेही ते तसंच: १९२५ साली बाळेहोन्नूरला सुरू झालेल्या संशोधन केंद्राच्या कामातून आलेलं. या सगळ्या जाती काढायला भाग पाडलं ते तांबेऱ्याने. १८६९ साली हा रोग सिलोनच्या मळ्यांत दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्याने तिथली कॉफी साफ झोपवली. सिलोन चहाकडे वळलं ते तेव्हापासून. आपल्याकडेही पानांच्या पाठीवर ती नारिंगी भुकटी आलीच. मग तग धरणारी झाडं शोधायला सुरुवात झाली. ‘एस ७९५’ ही जुनी, भरवशाची जात, गेल्या शतकाच्या चाळीशीतली. तिच्या एका बाजूला केंट ही अरेबिकाचीच जात, आणि दुसऱ्या बाजूच्या घराण्यात दूरवर लायबेरिका ही कॉफीची वेगळीच प्रजाती. सिलेक्शन ९ तिच्यानंतरची. एक पालक तफारीकेला, म्हणजे खुद्द इथिओपियाची अरेबिका. दुसरा तिमोर बेटावर आपोआप झालेला अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन प्रजातींचा संकर. काटकपणा रोबस्टाच्या रक्तातून आला, चव इथिओपियाकडून. कॉफी बोर्डाने २००२ साली घेतलेल्या चवीच्या स्पर्धेत उत्तम अरेबिकाचा मान हिने मिळवला होता. तिकडे पनामाच्या डोंगरातल्या गेशा नावाच्या जातीला लिलावात मिळणारे भाव ऐकून लोक तोंडात बोटं घालतात, तीही मूळची इथिओपियाचीच. गेशा मी प्यायले आहे. छान होती. पण एवढ्या पैशांत माझी वर्षाची सिलेक्शन ९ येते आणि मला ती पुरते.

उंचीने नक्की काय होतं, हे मला मळ्यातच उमगलं. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. थंडीत फळ सावकाश पिकतं. मार्च-एप्रिलमध्ये वळीव पडला की आठ-दहा दिवसांत सगळी झुडपं पांढरी होतात, मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास सुटतो, आणि तीन-चार दिवसांत ती फुलं झडूनही जातात. तिथून पिकं फळ हाती यायला आठ-नऊ महिने. खालच्या उतारावरची फळं लाल होऊन तोडली जातात तेव्हा वरची अजून हिरवीगार असतात. जादा मिळालेल्या त्या वेळात बी भरतं, साखर साठवतं, टणक होतं. हाताला नुसत्या बीवरून ओळख पटते. कच्ची बी चिमटीत धरून पाहिली तर सपाट बाजूची चीर, खालच्या कॉफीत सरळ आणि उघडी, वरच्या कॉफीत नागमोडी आणि घट्ट मिटलेली. दाताखाली धरली तर दात मागे घ्यावा लागतो.

तोडणाऱ्या बायका फांदीवरून फळ ओरबाडत नाहीत. एकाच घोसात एक लाल, दोन पिवळी, चार हिरवी असतात. लाल तेवढं चिमटीने फिरवून काढायचं, बाकीच्यांसाठी पुन्हा फेरी. मी कंबरेला पिशवी बांधून त्यांच्याबरोबर उतरले, तर त्यांची पिशवी भरेपर्यंत माझ्या पिशवीचा तळच झाकला जात होता. पिकलेलं फळ तोंडात टाकलं की गर नावालाच, पण गोड. मग बुळबुळीत आवरण, आणि आत तोंडाला तोंड लावून बसलेल्या दोन बिया. हे बुळबुळीत काढण्यातच सगळी मेहनत: साल सोलायची, बिया हौदात रात्रभर किंवा थोडं जास्तच आंबू द्यायच्या, स्वच्छ धुवायच्या, आणि अकरा टक्क्यांच्या आसपास ओल राहीपर्यंत हलवत-हलवत वाळवायच्या. हौदातून बाहेर कधी काढायच्या, हे मेस्त्री मूठभर बिया चोळून ठरवतो. खसखस आवाज आला की झालं. सहा किलो फळांतून एक किलो कच्ची कॉफी हाती लागते. एवढं कळल्यावर कॅफेतल्या भावावर मी कुरकुर करत नाही. म्हणजे कमी करते.

नवी कच्ची कॉफी बडोद्याला पोचते तेव्हा आमच्याकडे उन्हाळा पेटलेला असतो. म्हणून भाजणं पहाटे, गच्चीवर. एक छोटा गॅस, आणि त्यावर हाताने फिरवायचा जाळीचा ड्रम, एका वेळी पावकिलो. यंत्रं मिळतात, संगणकावर तापमानाचा आलेख काढणारी. मला शिकवलं ते मांडवीतल्या एका सिंग-चणेवाल्याने. कॉफी त्याने जन्मात भाजलेली नाही, पण भट्टीपुढे त्याचं आयुष्य गेलंय. मी रंगाबद्दल विचारत होते, तो म्हणाला, “बेन, आंख नहि, कान राखो.”

पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही, नुसती ओल उडते आणि ओल्या गवताचा वास येतो. मग हिरवट-राखाडी बिया पिवळ्या पडतात, वास बदलून पावाच्या भट्टीकडे जातो. इथून पुढे हात थांबवायचा नाही. बी तपकिरी होते, फुगते, अंगावरची चंदेरी साल सुटून वाऱ्यावर जाते आणि शेजारच्या गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर बसते. (त्याची बोलणी खाल्ली आहेत.) नवव्या मिनिटाच्या आसपास पहिला तडका: बीच्या आत कोंडलेली वाफ बी फोडून बाहेर पडते, टच्च. एक, मग दोन, मग सरसकट. बीचं तापमान तेव्हा १९५ अंशांच्या पुढे गेलेलं असतं. उंचावरची टणक बी सुरुवातीला जास्त आच मागते. मिणमिणत्या आचेवर ठेवलीत तर तडके बसतात खरे, पण फुसके, आणि कपात उकडलेल्या भाजीची चव येते. तडके सुरू झाल्यावर मी दीडेक मिनिटाने ड्रम उतरवते, बिया मोठ्या चाळणीत ओतते आणि टेबलफॅन लावते. पाचव्या मिनिटाला त्या हाताला गार लागल्या पाहिजेत, नाहीतर आतल्या आत भाजत राहतात.

तसंच पुढे नेलं तर २२५ अंशांच्या आसपास दुसरा तडका येतो. त्याचा आवाज बारीक, चुरचुरता. बीवर तेल येतं, रंग काळा होतो. बाजारातल्या बहुतेक कॉफ्या तिथवर नेलेल्या असतात, आणि साध्या मालाला ते ठीकच आहे, कारण त्यात लपवण्यासारखं पुष्कळ असतं. पण तेराशे मीटरवरची कॉफी तिथवर भाजली की उंची गेली, सावली गेली, इथिओपियाचा पूर्वज गेला. उरला फक्त जळल्याचा वास, आणि तो कुठल्याही डोंगराचा असू शकतो. अलकापुरीत, फत्तेगंजात आता कॅफे पुष्कळ झालेत. तिथे फळ्यावर मळ्याचं नाव, उंची, जात सगळं लिहिलेलं असतं आणि कपात पुष्कळदा कोळसा येतो. सगळीकडे नाही. पण मुलांना फळ्याचाच फोटो काढायचा असतो, त्यामुळे चालून जातं.

भाजलेली कॉफी लगेच करायची नसते. बीतून कर्बवायू निघत राहतो, पाणी आत शिरू देत नाही. पाच-सहा दिवस डबा बाजूला ठेवायचा. घरात सगळ्यात अवघड काम हेच.

करायची पद्धत मी साधी ठेवली आहे: शंकूसारखं भांडं, आत कागदाची गाळणी, वरून पाणी. या कागदाची कल्पना एका गृहिणीची. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद काढून पितळी भांड्यात बसवला. कपाच्या तळाशी राहणाऱ्या गाळाला त्या कंटाळल्या होत्या, एवढंच कारण. मी पंधरा ग्रॅम कॉफी घेते, जाडसर रव्याएवढी दळलेली, आणि पाणी दोनशे चाळीस ग्रॅम. वजन काट्यावर, चमच्याने नाही. पहिलं थोडं पाणी घालून अर्धं-पाऊण मिनिट थांबायचं, पूड फुगून बुडबुडे येतात. मग बाकीचं हळूहळू. तीन मिनिटांत आटोपतं.

पाण्याने मात्र मला बराच नाच करायला लावला. चिकमगळूरच्या मळ्यात पाणी उकळतंच ९६ अंशांच्या आत, तिथे किटली उतरवून सरळ ओतलं तरी चालतं. बडोद्यात ते पुरतं शंभराला उकळतं, म्हणून झाकण काढून जरा थांबायचं. ते सोपं. खरी गोम क्षारांची. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात कॉफीचा आंबटपणा मरून जातो, खडूसारखी चव लागते. म्हणून आरओचं घेतलं, तर त्यात क्षारच नाहीत, कॉफी बेचव, पोकळ. चव बाहेर ओढायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतंच. जाणकार लिटरमागे दीडशे मिलिग्रॅम क्षारांच्या आसपासचं पाणी चांगलं मानतात. शेवटी नळाच्या पाण्यावर येऊन थांबले. शहराच्या पुष्कळ भागात अजून आजवाचं पाणी येतं, सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतलेल्या तलावाचं. ते उकळून, गाळून, थोडं आरओचं मिसळलं की जमतं. महाराजांनी वाचनालयं दिली, शाळा सक्तीच्या केल्या, त्याचे गोडवे सगळे गातात. माझ्या कपापुरतं मला आजवाचं कौतुक जास्त.

चव कशी लागते, हे सांगताना मात्र पंचाईत होते. पाकिटांवर ब्लूबेरी, बर्गामॉट, काय काय छापतात. आमच्या जिभेने ही फळं पाहिलेली नाहीत, मग ती कुठून ओळखणार? मला सिलेक्शन ९मध्ये गरम असताना मोसंबीच्या सालीचा वास लागतो, कोमट झाल्यावर मनुका, आणि गार होत आली की मागे काकवी रेंगाळते. आधी फार गरम पिऊ नये, हे त्यामुळेच. चहा गार झाला की टाकून देतो आपण. ही मात्र गार होताना उलगडते.

सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत आणि चवीत तडजोड करत नाहीत. पहिल्यांदा दिली तेव्हा कपात बघून म्हणाल्या, “अगं, हे तर कोऱ्या चहासारखं दिसतंय. दूध?”

“आई, बिनदुधाचीच असते ही.”

“साखर?”

“एकदा तशीच घेऊन तर बघा.”

एक घोट घेतला. मग दुसरा. मला वाटलं जिंकले. त्या म्हणाल्या, “आंबूस आहे, पण वाईट नाही. उपासाला चालेल. संध्याकाळी मात्र आपली नेहमीची कर, जायफळ घालून.” तेव्हापासून आमच्या घरात दोन डबे आहेत. एकादशीला सकाळी त्या स्वतः विचारतात, “ती तुझी डोंगरावरची आहे का गं?” संध्याकाळी चरोतरची चिकोरी, आटीव दूध, जायफळ. तीही मी मनापासून करते आणि पिते, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही.

समोरच्या फ्लॅटमधले शहाकाका रोज वास घेतात. एक दिवस दारातच अडवलं. “बेन, आनो धंधो केम नथी करता?” बडोद्यात हा प्रश्न कधीतरी येणारच असतो. मी त्यांना बसवून हिशेब सांगितला: एक किलो कच्च्या कॉफीतले दीडशे ग्रॅम भाजताना उडून जातात. पावकिलोला पाऊण तास, दळण वेगळं, वेचण वेगळं, गॅस वेगळा. भाजल्यावर महिनाभरात खपली नाही तर चव उतरते. पावसाळ्यात कच्चा मालसुद्धा ओल धरतो, म्हणजे साठवून ठेवायची सोय नाही. आणि मूळ माल किलोला केवढ्याचा, तेही सांगितलं. काकांनी डोळे मिटले, ओठ हलवत बेरीज केली, वजाबाकी केली.

“तो पछी चा ज सारी,” ते म्हणाले, आणि चहाला थांबले.